जो क्लार्क: नऊ महिन्यांत निकालात काढू नका

कॅनडाचे माजी पंतप्रधान जो क्लार्क यांना कुणीतरी 'नऊ महिन्यांचा पंतप्रधान, बस्स' म्हणून निकालात काढलंय. ते काही पटलं नाही.

4 जून 1979ला शपथ घेतली, तेव्हा चाळिशीला एक दिवस बाकी होता. सरकार अल्पमतातलं, पण तोरा बहुमताचा! डिसेंबरच्या अर्थसंकल्पात पेट्रोलवर गॅलनमागे 18 सेंट कर. क्वेबेक प्रांतातले सोशल क्रेडिट या छोट्या पक्षाचे मूठभर खासदार, त्यांनाही चुचकारलं नाही. ते तटस्थ राहिले. स्वतःचे काही खासदार गैरहजर. अर्थसंकल्पावरून झालेल्या अविश्वासाच्या मतदानात 133 विरुद्ध 139, सरकार गडगडलं आणि फेब्रुवारीच्या निवडणुकीत लिबरल पक्षाचे पिएर ट्रुडो (जस्टिन ट्रुडोंचे वडील) परत आले. इथे मात्र दोष सर्वस्वी क्लार्कचाच.

1983मध्ये विनिपेगच्या अधिवेशनात त्यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातल्या 66.9 टक्के प्रतिनिधींनी त्यांच्या नेतृत्वाला पाठिंबा दिला. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. यांनी तो अपुरा मानून नेतृत्वाची निवडणूक लावली आणि पक्षातलेच प्रतिस्पर्धी ब्रायन मलरोनींकडून हरले. नंतर पंतप्रधान झालेल्या त्याच मलरोनींच्या हाताखाली 1984 ते 1991 परराष्ट्रमंत्री! दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध राष्ट्रकुलाच्या परराष्ट्रमंत्र्यांची जी समिती होती, तिचं अध्यक्षपद यांच्याकडेच होतं. मला विचाराल तर खरी कारकीर्द ही.

2003मध्ये त्यांचा पक्ष कॅनेडियन अलायन्स या पक्षात विलीन होऊन नवा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष झाला, त्यात मात्र ते गेलेच नाहीत.