मदत हवी आहे: कॅसिनो चिपचा विक्रेता भाव सोडतच नाहीये

निळावंती
जरा तातडीचं आहे, जाणकारांनी लवकर सांगा. ऑनलाइन एक कॅसिनो चिप (जुगारात पैशांऐवजी वापरतात ती चकती) हेरून ठेवली आहे, मला ती संग्रहात हवीच आहे. विक्रेत्याला ऑफर टाकली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत नकार. मग मेसेज केला की थोडं कमी होईल का, तर उत्तर आलं, किंमत पक्की आहे. त्यात आणखी काही जण त्या चिपवर नजर ठेवून आहेत असं पानावर दिसतंय. हातची जाईल अशी भीती वाटते. दुसरी ऑफर कितीची टाकू? की आहे त्या भावाला घेऊन मोकळी होऊ? ज्यांनी अशी घासाघीस केली आहे त्यांनीच लिहा. हा छंद चांगला की वाईट यावर चर्चा नको.

जुनीनाणी
कुठल्या कॅसिनोची? किती डॉलरची? मागतात किती, तुम्ही दिले किती? लिलाव आहे की थेट खरेदी? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग आकडा कुठून सांगणार?

तिसरा_डाव
माझा अनुभव सांगतो. पहिली ऑफर नेहमी चाळीस टक्क्यांची टाकायची आणि गप्प बसायचं. विक्रेत्याला माल पडून राहिल्याचा कंटाळा येतो. महिनाभराने तो स्वतःहून निरोप पाठवतो. नाणी, तिकिटं, चिप्स, सगळीकडे हेच चालतं. घाई दाखवली की भाव चढलाच म्हणून समजा.

निळावंती
@जुनीनाणी, स्टारडस्ट, लास वेगास. पाच डॉलरची. ४५ डॉलर मागतोय, मी २० ची ऑफर दिली. पोस्टेज १४ वेगळं. ईबेवर थेट खरेदी आणि बेस्ट ऑफर असं दोन्ही आहे. कॅसिनो बंद पडलाय, म्हणजे चिप दुर्मीळ असणार हे मला माहीत आहे, म्हणून तर घाई आहे.

काठावरचा
क्षणात आलेला नकार माणसाचा नसतो. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवता येतं की अमुक रकमेच्या खालची ऑफर आपोआप नाकारा. म्हणजे तुमचे २० त्याने वाचलेसुद्धा नसतील. त्यावरून तो चिडलाय की अडून बसलाय काहीच कळत नाही. २० नाकारले एवढंच कळलं, म्हणजे त्याची खालची मर्यादा २० आणि ४५ च्या मध्ये कुठेतरी आहे. आणि "नजर ठेवून आहेत" ला घाबरू नका. त्यातले निम्मे नुसते भाव बघणारे असतात, काही तर दुसरे विक्रेते असतात.

सातवी_खुर्ची
तिसरा_डाव यांच्याशी अजिबात सहमत नाही. चाळीस टक्क्यांची ऑफर म्हणजे समोरच्याच्या मालाचा अपमान. चिप्सचं जग फार लहान आहे, चांगले विक्रेते मोजकेच असतात. एकदा त्याने तुम्हाला ब्लॉक केलं की पुढची पाच वर्षं त्याच्याकडे येणाऱ्या चांगल्या वस्तू तुम्हाला घेता येणार नाहीत. मी विचारलेल्या भावाच्या ऐंशी टक्क्यांखाली कधी जात नाही आणि त्याच लोकांकडून मला यादीवर चढण्याआधी चिप्स दाखवल्या जातात.

तिसरा_डाव
मागितलेला भाव मुळात खरा असेल तर ऐंशी टक्के ठीक. दहाची वस्तू ४५ ला लावली असेल तर ऐंशी टक्के म्हणजे ३६. तुम्ही ते आनंदाने देणार का?

सातवी_खुर्ची
मग ती वस्तू दहाची आहे हे आधी दाखवा. नुसतं टक्क्यांवर भांडण्यात अर्थ नाही.

जुनीनाणी
दोघेही जरा थांबा, ती चिप कुठली आहे हेच अजून ठरलेलं नाही. निळावंती ताई, स्टारडस्ट १९५८ ला सुरू झालं आणि १ नोव्हेंबर २००६ ला बंद झालं. या अठ्ठेचाळीस वर्षांत पाच डॉलरच्या चिप्स एकदाच नाही, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रूपात निघाल्या. सुरुवातीच्या वर्षांतली एखादी चिप संग्राहक शोधत हिंडतात. शेवटच्या काळातल्या मात्र ढिगाने उपलब्ध आहेत, कारण कॅसिनो बंद होणार हे आधीपासून जाहीर होतं आणि लोकांनी आठवण म्हणून मूठ मूठ घरी नेल्या. कॅसिनो पाडला म्हणून चिप दुर्मीळ होत नाही. किती चिप्स वटवल्याशिवाय बाहेर राहिल्या त्यावर सगळं अवलंबून. तुमची कुठल्या काळातली?

निळावंती
शीर्षकात "ओरिजिनल १९५८" असं स्पष्ट लिहिलंय, म्हणून वेगळं सांगितलं नाही. लाल रंगाची आहे, मधे गोल छापील लेबल. चांगल्या अवस्थेत आहे असं म्हणतो. आता सांगा, कितीची ऑफर टाकू?

पोकरप्रेमी
घरी खेळायला घेत असाल तर एकेक चिप घेऊच नका, पूर्ण संच घ्या. मी आधी प्लॅस्टिकच्या घेतल्या, मग सिरॅमिकच्या. सिरॅमिकवर पूर्ण पृष्ठभाग छापता येतो, रंग उठून दिसतात. पण हाताला क्लेच्याच (मातीच्या मिश्रणाच्या) बऱ्या वाटतात, एकमेकींवर सरकत नाहीत. ऑनलाइन जाहिरातीत "१४ ग्रॅम" लिहिलेल्या बहुतेक चिप्सच्या आत धातूची चकती असते. कॅसिनोतल्या क्ले चिप्स दहा ग्रॅमच्या आसपास असतात. वजनावर जाऊ नका.

निळावंती
@पोकरप्रेमी, खेळायला नाही, संग्रहासाठी हवी आहे.

काठावरचा
ताई, त्या पानावरचा सर्वात मोठा फोटो उघडा आणि चिपची कड बघा. लेबलाकडे नाही, लेबलाच्या बाहेरच्या कड्याकडे. मातीत दाबून उठवलेली लहान लहान चित्रं दिसतात का? कशाची आहेत ते लिहा. लाल कड्यात दुसऱ्या रंगाचे चौकोनी ठिपके आहेत का तेही सांगा.

निळावंती
बघितलं. फोटो तिरप्या उजेडात आहे, त्यामुळे दिसतंय. उंच टोपी, तिच्याशेजारी काठी, परत टोपी, परत काठी, अशी गोल रांग आहे. ठिपके आहेत, दोन रंगांचे. याने काय फरक पडतो?

काठावरचा
सगळा फरक यानेच पडतो. टोपी आणि काठी हा पॉलसन कंपनीचा साचा. ही कंपनीच मुळी १९६३ ची आहे. तेव्हा ती चिप कॅसिनोच्या उद्घाटनाच्या वर्षातली असूच शकत नाही. तुम्ही जे वर्णन करताय ते ऐकून मला ती शेवटच्या दोन दशकांतली वाटते. चिपगाइड नावाचा फुकट बघता येणारा चित्रसंग्रह आहे, त्यात स्टारडस्टचं पान उघडा आणि ठिपक्यांचे रंग, लेबलवरची अक्षरं ताडून बघा. सगळं जुळेल तीच तुमची.

जुनीनाणी
अगदी बरोबर. आणि आता भाव. ईबेवर शोधून "सोल्ड आयटम्स" वर टिचकी मारा. चालू जाहिरातींत विक्रेत्याची इच्छा दिसते, विकलेल्या यादीत बाजार दिसतो. तिथे एखादी किंमत खोडलेली दिसली तर समजा सौदा ऑफर देऊन झालाय आणि खरा आकडा त्याहून कमी आहे. एकाच सौद्यावर जाऊ नका. दोन जण इरेला पेटले की लिलावात काहीही होतं.

सातवी_खुर्ची
हे पटलं. १९५८ असा दावा करून शेवटच्या काळातली चिप विकणं मला मान्य नाही. पण त्याला "खोटारडा" म्हणू नका. पुष्कळ विक्रेते घरातला जुना माल विकणारे असतात, कॅसिनो कधी सुरू झाला ते शोधतात आणि तेच वर्ष शीर्षकात टाकतात. त्याला सुटायला वाट ठेवली तर भाव खाली येतो. तोंडावर पुरावा फेकला की तो ताठरतो.

तिसरा_डाव
वाट कसली ठेवता? चुकीचं वर्णन आहे. घ्या, आली की "वर्णनाप्रमाणे नाही" म्हणून तक्रार टाका, पैसे परत मिळतात.

सातवी_खुर्ची
चुकीचं आहे हे घेण्याआधीच कळलं असताना नंतर तक्रार करायची म्हणून माल मागवणं बरोबर नाही. शिवाय त्यात ना चिप हाती लागते ना माणूस राहतो. त्यांना चिप हवी आहे, तक्रार जिंकायची नाही.

निळावंती
विकलेल्या यादीत पाहिलं. अगदी हुबेहूब ठिपके असलेल्या बऱ्याच आहेत. बहुतेक १५ च्या आत गेल्या आहेत, एक-दोन त्याहून वर. मग हा ४५ का मागतोय? राग येतोय आता. आणि मी २० द्यायला तयार होते!

काठावरचा
राग बाजूला ठेवा, आता पारडं तुमच्याकडे झुकलंय. अशी चिप पुन्हा येणार हे कळलं की घाई करायचं कारण उरत नाही आणि घाई नसलेल्या गिऱ्हाइकालाच भाव मिळतो. त्याला साधारण असं लिहा: "तुमची चिप आवडली. कड्यावर टोपी-काठीचा साचा दिसतो, त्यामुळे ही नंतरच्या काळातली असावी असं वाटतं. १९५८ कशावरून ठरवलं ते सांगाल का? पाठीमागचा आणि कडेचा फोटो मिळाला तर आभारी राहीन." बस. रक्कम पहिल्या मेसेजात लिहूच नका. त्याचं उत्तर आलं की विकलेल्या भावांचा उल्लेख करून एक आकडा द्या आणि तोच धरून ठेवा.

बंददार
एक विचारतो. ही चिप पाच डॉलरला कुठे वटवता येते का? म्हणजे निदान तेवढे पैसे तरी सुरक्षित.

जुनीनाणी
नाही. नेवाडात (लास वेगास ज्या राज्यात आहे तिथे) चिप्स बंद करताना कॅसिनोला त्या परत घेण्याची मुदत जाहीर करावी लागते. ती संपली की दर्शनी किंमत गेली, उरते ती संग्राहक देईल ती किंमत. उलट जे कॅसिनो आज चालू आहेत त्यांच्या एक आणि पाच डॉलरच्या चिप्स ऑनलाइन दुपटीने विकतात त्या घेण्यात अर्थ नाही. तिकडे जाणाऱ्या कुणाला सांगितलं तर खिडकीवर दर्शनी किमतीतच मिळतात.

बंददार
जुन्या चिप्स नष्ट करतात म्हणे, ते कसं? पूर्वी इमारतीच्या पायात काँक्रीटमध्ये गाडायचे असं वाचलं होतं.

जुनीनाणी
हो, गाडायचे, आणि पाडकामात काही पुन्हा वर आल्या. सिमेंटचे डाग असलेल्या चिप्स त्यातूनच येतात. म्हणूनच "फक्त एकच शिल्लक" असं लिहिलेलं मी मनावर घेत नाही. उद्या कुणाच्या गोदामात खोकं निघालं की भाव कोसळतो. पण हा वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा.

रंगीत_ठिपके
मी सांगू का, ईबेवर न घेता त्यालाच बाहेर भेटा. मेसेजमध्ये ईमेल मागा, कमिशन वाचतं म्हणून तो स्वतःच वीस टक्के सोडतो. पैसे पेपॅलने "फ्रेंड्स अँड फॅमिली" मधून पाठवायचे, म्हणजे विक्रेत्याचं शुल्कही वाचतं.

काठावरचा
कृपया असं सुचवू नका. ईबेवर ते नियमाबाहेर आहे आणि खातं बंद होऊ शकतं. फ्रेंड्स अँड फॅमिलीमधून गेलेल्या पैशाला खरेदीदाराचं संरक्षण नसतं. चिप आलीच नाही तर कुणाकडे मागणार? कमिशनचे दोन-चार डॉलर वाचवायला पूर्ण रक्कम कशाला पणाला लावायची?

रंगीत_ठिपके
मी कितीतरी वेळा केलंय, कधी काही झालं नाही.

सातवी_खुर्ची
ज्याला वर्षानुवर्षं ओळखता त्याच्याशी करत असाल तर समजू शकते. शीर्षकात चुकीचं साल लिहिणाऱ्या अनोळखी माणसाशी मुळीच नाही.

ताई, पोस्टेजकडे कुणी लक्ष दिलं नाही. खरी घासाघीस तिथे आहे. १४ डॉलर एका चिपला, पण पाच चिप्सनाही जवळपास तेवढेच लागतात. त्याच्या दुकानातली आणखी एखादी आवडती चिप बघा आणि दोन्ही मिळून भाव विचारा. एका चिपवर न हलणारा विक्रेता दोनवर हलतो, कारण त्याचं पाकीट तेच असतं. आणि प्लॅस्टिकच्या गोल डबीत घालून पाठवा असं सांगा, सैल पाकिटात आदळून कड झिजते. धारदार कड हीच तर चांगल्या चिपची खूण.

रंगीत_ठिपके
कड खराब आली तर खनिज तेल लावा, नवीसारखी चमकते.

जुनीनाणी
संग्रहाच्या चिपला तेल लावू नये. चमक येते, पण झीज लपते. नंतर विकताना सांगितलं नाही तर फसवणूक ठरते. मी तर फोटोत अवाजवी गडद रंग दिसला की आधी तेच विचारतो. तसंच लेबल मागाहून चिकटवलेलं नाही ना तेही बघा. अस्सल लेबल साच्यात दाबलेलं असतं, मातीशी एकसंध दिसतं. चिकटवलेल्याची कड बोटाला लागते आणि फोटोतही किंचित उचललेली दिसते.

निळावंती
काठावरचा यांनी सांगितलं तसंच लिहून पाठवलं. उत्तर आलं! त्याने शीर्षकातून साल काढून टाकलं, कडेचा फोटोही पाठवला. आता २८ म्हणतोय. मी विकलेले भाव सांगून १२ म्हटलं, तर १८ वर आलाय. त्याच्याकडेच ड्यून्स कॅसिनोचीही एक पाच डॉलरची आहे, २२ ला. दोन्ही मिळून पोस्टेजसह ४० म्हणू का?

तिसरा_डाव
३२ म्हणा. १८ वर आलाय म्हणजे अजून जागा आहे.

सातवी_खुर्ची
४० रास्त आहे, ताणू नका. माणूस चूक दुरुस्त करतोय, फोटो देतोय.

काठावरचा
दोघांच्या मधे ३६ म्हणा. पण आधी ड्यून्सच्या चिपची कड दाखवा. तो कॅसिनो १९५५ ते १९९३ होता, तिच्याही बऱ्याच आवृत्त्या आहेत. साचा कुठला आहे, रद्द केल्याची खूण म्हणून भोक पाडलेलं किंवा खाच मारलेली नाही ना, हे कळल्याशिवाय २२ बरोबर की चूक कोणीच सांगू शकणार नाही.

निळावंती
फोटो मागवलाय. आला की इथेच टाकते.