आजी-आजोबांशिवाय वाढणारी मुलं: नुकसान होतंय का?

वाकडची आई: मुलगा सव्वादोन वर्षांचा. फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच. सकाळी साडेआठला पाळणाघर, घरी यायला सात. बोलतो ते मोजून दहा-बारा शब्द. मी सोलापूरच्या वाड्यात वाढले. निवडण-टिपण, भांडणं, आजीची स्तोत्रं, सगळं कानावर पडायचं. विभक्त कुटुंबात मुलांचं नुकसान होतं, हे आपण मान्यच करत नाही.

नाशिकची आजी: पोरी, मला नाही पटत. माझी दोन्ही मुलं चौदा माणसांत वाढली. मी दिवसभर ओट्याशी. लेकराला मांडीवर घ्यायला रात्रीचे दहा वाजायचे. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलायचं नाही अशी रीत, म्हणून यांनी पहिली दोन वर्षं मुलाला धड कडेवरही घेतलं नाही. आज माझा मुलगा लेकीला न्हाऊ घालतो, गोष्ट सांगत वरण-भात भरवतो. त्या घरात हे झालं असतं? आणि आता आम्ही गाव सोडून नातवंडं सांभाळायला यायचं, हे गृहीत का धरता?

हडपसरचा बाबा: आजी, तुमचा मुलगा वेळेवर घरी पोचत असेल. मी निघतो तेव्हा मुलगी झोपलेली, येतो तेव्हाही झोपलेली. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं आईला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पण खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं एक दिवसही नाही. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असंही त्याच दुरुस्तीत आलं. आमच्याकडे तीनशे जण आहेत, पाळणाघर नाही. माझी आई घरात आहे म्हणून मुलीशी दिवसभर कुणीतरी बोलतं. मी वाकडच्या ताईंच्या बाजूनं.

बालवाडीताई, डहाणू: वाद नंतर घाला. ताई, दोन वर्षांचं मूल साधारण पन्नासेक शब्द बोलतं, दोन शब्द जोडतं. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या. ऐकूच कमी येत असेल तर घरात वीस माणसं असून काय उपयोग? जेवताना मोबाइल देत असाल तर तो बंद करा. या वयात दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगितलंय. आजी घरात असून दिवसभर मालिका सुरू, अशी घरंही मी पाहते.

वाकडची आई: जेवताना मोबाइल देतो, खोटं कशाला बोलू. शनिवारची वेळ घेतली आहे. पण आजी, तुम्ही ओट्याशी होतात तेव्हा तुमची मुलं पायाशी बसून जे ऐकत होती, ते तुम्ही हिशेबात धरलंच नाहीत, असं मला अजूनही वाटतं.