मदत हवी आहे: बॅस्ट्रॉपची जमीन, ह्यूस्टन टोड आणि राज्य खात्याचा 'सेफ हार्बर' करार

माळावरची सई

नमस्कार मंडळी. आम्ही ऑस्टिनला राहतो. गेल्या वर्षी बॅस्ट्रॉप काउंटीत, लॉस्ट पाइन्सच्या पट्ट्यात ३८ एकर जमीन घेतली. खोल वाळू, वर लॉब्लॉली पाइन, खाली योपॉन नावाच्या झुडपाचं रान इतकं माजलेलं की आत पाऊल टाकता येत नाही, आणि हिवाळ्याच्या शेवटी पाऊस झाला की भरणारं एक डबकं. आधीच्या मालकाच्या गायी होत्या म्हणून कर शेतजमिनीच्या दराने लागतो. आम्हाला गायी सांभाळायच्या नाहीत, म्हणून तीच सवलत वन्यजीव व्यवस्थापनावर घ्यायचं चाललंय.

त्यासाठी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या बायॉलॉजिस्ट बाई येऊन जमीन बघून गेल्या. पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाल्या, ही ह्यूस्टन टोड या नामशेष होऊ घातलेल्या बेडकाची जागा आहे, आमच्या सेफ हार्बर करारात सामील व्हा. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. शेजारचे आजोबा म्हणतात, बेडूक दिसला तरी ब्र काढू नका, सरकार जमिनीवर येऊन बसेल. सासरे माणगावचे. त्यांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात खाजगी वनाचा शेरा पडला तो आजतागायत निघालेला नाही, त्यामुळे त्यांनी तर हात जोडलेत.

माझी अडचण अशी: नामशेष होऊ घातलेल्या प्रजातींचा कायदा फेडरल, मग सही राज्याच्या खात्याबरोबर का? उद्या राज्याने "ठीक आहे" म्हटलं आणि फेडरल खात्याने कान धरला तर? जाणकारांनी कृपया सांगावं.

दगडफूल

वाचतोय. आमचीही शेजारच्या ली काउंटीत थोडी जमीन आहे.

नदीकाठ

मी अशा परवान्यांच्या कागदपत्रांचंच काम करतो (वकील नाही, तेव्हा सही करण्याआधी वकिलाला दाखवाच).

आधी आजोबांची भीती. ती हवेतली नाही. १९७३च्या कायद्याचं नववं कलम खाजगी जमिनीलाही लागू आहे. यादीतल्या प्राण्याला मारणं, इजा करणं, त्याचा अधिवास मोडून त्याला इजा होईल असं काही करणं, सगळं त्यात येतं. म्हणजे तुम्ही रान सुधारलंत, टोड आला, की तुमच्याच चांगुलपणाचं ओझं तुमच्या डोक्यावर. म्हणून लोक झुडूप वाढू देतात आणि गप्प बसतात. १९९५ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या सँडहिल्समध्ये लाल तुऱ्याच्या सुतारपक्ष्यासाठी पहिला सेफ हार्बर करार झाला तो याच अडचणीतून. तिथे मालक जुनी पाइनची झाडं आधीच तोडून मोकळे होत होते.

करारात होतं काय, तर सुरुवातीला तुमच्या जमिनीवर आज काय आहे याची नोंद करतात. याला बेसलाइन म्हणतात आणि सगळी मेख इथेच आहे. त्यानंतर तुमच्या कामामुळे जे वाढेल, त्याचं बंधन तुमच्यावर नाही. करार संपताना तुम्ही जमीन त्या मूळ नोंदीपर्यंत परत नेऊ शकता. फक्त आधी कळवावं लागतं, म्हणजे त्यांना प्राणी उचलून दुसरीकडे नेता येतात. आज डबक्यात टोड ओरडत असेल तर तो बेसलाइनमध्ये धरला जाईल. म्हणून नोंद कोण करतंय, कुठल्या महिन्यात, कशाच्या आधारावर, हे नीट बघा. नर बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये बोलतात. ऑगस्टमध्ये पाहणी करून "काहीच नाही" म्हणणारा कागद पुढे वादाचा.

आता राज्य खातं मधे का. फेडरल फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने त्याच कायद्याच्या कलम दहाखाली एक मोठा परवाना राज्याच्या खात्याला दिलाय, बॅस्ट्रॉप, ली वगैरे काउंट्यांसाठी. तुम्ही त्याच्या छत्राखाली शिरता आणि तुम्हाला समावेशाचं प्रमाणपत्र मिळतं. एकट्याने परवाना काढायचा तर अर्ज, फेडरल रजिस्टरमध्ये (तिथल्या राजपत्रात) नोटीस, जनतेच्या हरकती, सगळं एका बेडकासाठी. शिवाय टेक्सासमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी. फेडरल माणसाला फाटक न उघडणारा रँचर राज्याच्या बायॉलॉजिस्टला चहा देतो, मग मोजणी, आराखडा, वार्षिक अहवाल ही कामं तिच्याकडे येतात. हमी मात्र फेडरल परवान्याची आहे. राज्याच्या तोंडी "ठीक आहे"ला किंमत शून्य, प्रमाणपत्र हातात हवं.

दगडफूल

२०२४ मध्ये नियम बदलले म्हणे, सेफ हार्बर बंद झालं?

नदीकाठ

बंद नाही. सेफ हार्बर आणि यादीत न आलेल्या प्रजातींसाठीचा त्याचा भाऊ, दोन्ही एकत्र करून नवं नाव 'कॉन्झर्व्हेशन बेनिफिट अ‍ॅग्रीमेंट'. जुने करार आपापल्या मुदतीपर्यंत चालतात. सईताई, तुमचा कागद जुन्या परवान्याखाली आहे की नव्या, आणि त्या परवान्याची किती वर्षं उरली आहेत, हे आधी विचारा. पाच वर्षं उरली असतील तर तुमचं संरक्षणही तेवढंच.

हिंगाष्टक

अवांतर: नाव ह्यूस्टन, पण १९६० च्या दशकातच तो ह्यूस्टन परिसरातून गेला. आता तिथलं प्राणिसंग्रहालय त्याची पैदास करतं आणि अंड्यांच्या माळा बॅस्ट्रॉपकडच्या डबक्यांत सोडतात. गावाने घालवला, गावच परत पाठवतंय.

माळावरची सई

नदीकाठ, मनापासून आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न: सही केल्यावर मन बदललं तर? आणि करसवलत याच करारातून मिळते का?

नदीकाठ

सातबाऱ्यासारखा शेरा इथे पडत नाही. करार ऐच्छिक आहे, बाहेर पडता येतं, मात्र त्या दिवसापासून संरक्षणही जातं. जमीन विकलीत तर नवा मालक तो पुढे चालवायचा की नाही ते ठरवतो.

करसवलत वेगळी. ती काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट (करासाठी जमिनीचं मूल्य ठरवणारं कार्यालय) देतं: सात प्रकारच्या कामांपैकी किमान तीन दरवर्षी दाखवायची. योपॉन विरळ करणं अधिवासात बसतं, टोडची गणना मोजणीत, अजून एक शोधा. गायी काढायच्या आधी अर्जाची तारीख बघा, शेतीचा दर एकदा तुटला की वन्यजीवाचा मिळणं अवघड. योपॉन काढायला खात्याची लँडओनर इन्सेंटिव्ह योजना खर्चात वाटा उचलते, तिचीही चौकशी करा. तुमच्या जमिनीवरच्या प्राण्यांची माहिती राज्य खात्याने गोपनीय ठेवावी असा टेक्सासचा कायदा आहे, पण फेडरल अहवालात नाव जातं का ते बाईंना स्पष्ट विचारा.

आणि घर बांधायचं मनात असेल तर ते या करारात धरू नका. त्यासाठी बॅस्ट्रॉप काउंटीचीच लॉस्ट पाइन्स अधिवास योजना आहे, अर्ज काउंटीकडे. घराची जागा आधी ठरवा, मग बेसलाइनचा नकाशा काढायला लावा.