पिवळ्या बल्बखाली कलर फिल्म : निळा फिल्टर लावायचा की स्कॅनवर सोडायचं?

निळाई
काकांच्या जुन्या एसएलआरच्या बॅगेत चार फिल्टर सापडले. ८०ए (चांगलाच निळा), ८५बी (नारिंगी), ८१ए (जेमतेम बदामी) आणि एफएल-डी (गुलाबी-जांभळा). मला आजीचे फोटो काढायचेत, संध्याकाळी, तिच्या खोलीत. तिथे जुना तारेचा बल्ब आहे आणि तिला दुसरा कुठलाच दिवा खपत नाही. कॅमेऱ्यात ४०० ची (आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो) डेलाइट, म्हणजे दिवसाच्या उजेडाची कलर निगेटिव्ह आहे. मीटर लेन्स एफ/२ ला उघडून १/३० सेकंद दाखवतो, ८०ए चढवला की थेट १/८. आजी १/८ ला स्थिर बसेल हे विसरा. लॅबवाले म्हणतात फिल्टर कशाला, स्कॅनमध्ये पिवळेपणा काढून देतो. खरं आहे का? १०० ची एक स्लाइड फिल्मही (जिच्यावर थेट चित्र उमटतं) पडून आहे, ती वापरली तर?

रोल३६
लॅबवाले बरोबर सांगताहेत. निगेटिव्हवर आता कोण फिल्टर लावतं? मी बल्बखाली सर्रास काढतो, स्कॅन छान येतात. दोन स्टॉप घालवू नका (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा).

काळी_पिशवी
रोल३६, अर्धं पटलं. पिवळेपणा स्कॅनमध्ये निघतो हे खरं, पण फिल्मवर जे उमटलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार?

डेलाइट फिल्म साधारण ५५०० केल्विनच्या उजेडासाठी बनवलेली असते (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). घरातला तारेचा बल्ब २८०० च्या आसपास. त्यात लाल भरपूर आणि निळा अगदी कमी. फिल्मचे तीन थर वेगवेगळ्या रंगांना उमटतात. मीटर एकूण उजेड मोजतो, त्यामुळे लाल थर पोटभर जेवतो आणि निळा थर उपाशी राहतो. स्कॅन करताना निळा ओढून वर आणला की चेहरा ठीक दिसतो, पण सावल्यांमध्ये त्या थरावर काहीच नसतं. तिथे निळसर, दाणेदार गाळ दिसतो. रोल३६, तुमच्या त्या छान स्कॅनमध्ये काळे केस आणि गडद कपडे एकदा मोठे करून बघा.

८०ए लाल-पिवळा अडवतो आणि निळा बराचसा जाऊ देतो. दोन स्टॉप जातात ते त्यासाठी. आता निळाई, तुमच्या कामाची गोष्ट. निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो. म्हणून फिल्टर न लावता एक-दीड स्टॉप जास्त दिलात तर निळ्या थराला त्याचा वाटा मिळतो. लाल थर गरजेपेक्षा जास्त उमटतो, पण निगेटिव्हवर ते निभतं. मी तुमच्या जागी असतो तर ८०ए बॅगेतच ठेवला असता, मीटरवर ४०० ऐवजी २०० लावलं असतं (म्हणजे एक स्टॉप जास्त), आजीला बल्बच्या जवळ बसवलं असतं आणि बल्ब चौकटीबाहेर ठेवला असता. जवळ आल्याने उजेड वाढतो, शटर १/३० च्या आसपास राहतं. लॅबला 'टंगस्टन (तारेच्या बल्बचा) उजेड, ओव्हर एक्सपोज केलंय' एवढं सांगा.

स्लाइडचं गणित वेगळं. स्लाइड हेच अंतिम चित्र, त्यामुळे तिथे रंग काढतानाच सुधारावा लागतो. १०० च्या स्लाइडवर ८०ए म्हणजे २५ ची फिल्म. आजींसाठी ती नकोच.

निळाई
८०ए लावला तर रंग पूर्ण बरोबर येतो, की तरीही उबदार राहतो? बऱ्याच ठिकाणी '३२०० साठी' असं लिहिलेलं दिसतं.

काळी_पिशवी
उबदारच राहतो. ८०ए हा ३२०० च्या स्टुडिओ दिव्यांसाठी आहे. यासाठी मायरेडचा हिशेब सोपा : दहा लाखाला केल्विनने भागा. ५५०० चे १८२, ३२०० चे ३१२, फरक १३० च्या आसपास, आणि ८०ए साधारण तेवढेच कमी करतो. तुमच्या २८०० च्या बल्बचे ३५७. त्यातून १३१ गेले तर २२६, म्हणजे सुमारे ४४०० केल्विन. उरलेल्या ४५ साठी ८२सी हा वेगळा निळा फिल्टर मिळतो, आणखी २/३ स्टॉप खातो. मी लावणार नाही. बल्बखालचा माणूस दुपारच्या उन्हातला दिसला तर उलट खोटं वाटतं.

मीटरबद्दल एक. तुमचा मीटर लेन्समधूनच बघतो, फिल्टरचे स्टॉप त्याने आधीच धरलेत. वेगळे जोडू नका. हातातल्या मीटरला जोडावे लागतात.

आणि खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत असेल तर पडदा ओढा. लेन्सवरचा फिल्टर सगळ्या चौकटीला सारखाच लागतो : बल्बची बाजू बरी होईल आणि खिडकीची बाजू निळी पडेल.

सेपिया_सोनू
मग ८५बी आणि गुलाबीवाला कशासाठी?

काळी_पिशवी
८५बी हा ८०ए चा उलटा, टंगस्टन फिल्म उन्हात वापरायला. २/३ स्टॉप जातो, त्यामुळे ८०० ची टंगस्टन फिल्म उन्हात ५०० ची समजायची. जुन्या सुपर-८ सिने कॅमेऱ्यांत असाच नारिंगी फिल्टर (८५) आतच बसवलेला असे. ८१ए सावलीतल्या किंवा ढगाळ निळसरपणासाठी, तिसरा हिस्सा स्टॉप, तो खुशाल लावा. एफएल-डी ट्यूबलाइटचा हिरवेपणा मारतो, तोही सगळ्या ट्यूबचा नाही. एलईडीला यातलं काहीच नेमकं लागू पडत नाही, कारण तिथे ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचा उंच सुळका आणि त्याच्या पुढे खाच असते, आणि केल्विनचा आकडा ते सांगत नाही. सोडियम दिव्याच्या पिवळ्या रस्त्यावर तर हातच टेका : कमी दाबाचा असेल तर तो जवळजवळ ५८९ नॅनोमीटरचा एकच रंग फेकतो. बाकीचे रंग तिथे नसतातच, फिल्टर काय करणार?

रोल३६
केस मोठे करून बघितले. निळसर आहेत. पण चार बाय सहाच्या प्रिंटवर कोणाला दिसतंय?

काळी_पिशवी
चार बाय सहाला माझंही काही म्हणणं नाही.

निळाई
ठरलं, २०० लावते आणि फिल्टर काढून ठेवते. ८०ए मात्र ५५ मिमीचा आहे आणि माझ्या ५० मिमी लेन्सचं तोंड ४९ मिमीचं. पुढे स्लाइडवर स्थिर वस्तू काढायच्या झाल्या तर बसेल का?

काळी_पिशवी
४९ ते ५५ ची स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) घ्या, बसतो. फक्त ४९ चं हूड (लेन्सवरचा आडोसा) मग बसणार नाही, आणि बल्ब समोरून काचेवर पडत असेल तर हाताने आडोसा करा, हात चौकटीत येत नाही ना बघून. ट्रायपॉड आणि केबल रिलीज हवंच.