ऑफिसचा ईमेल सुटतोय – स्वतःचं ईमेल आणि क्लाउड खातं कुठे काढावं?

टाकबोरू
नोकरी सोडतेय, महिनाअखेरीस ऑफिसचा ईमेल बंद होईल. घोळ असा की इतकी वर्षं बँक, विमा, मुलीची शाळा, तिकिटं, सगळीकडे तोच पत्ता दिलाय. कॉलेजच्या काळातलं एक खातं आहे, पण त्याचं नाव कुणाला सांगायची लाज वाटते आणि ते उघडून बरेच दिवस झाले. तेव्हा नवीनच काढावं म्हणते.

गरज एवढीच: पुढची वीसेक वर्षं बदलावा लागणार नाही असा पत्ता, आणि साधारण ४० जीबी फोटो व स्कॅन केलेली कागदपत्रं ठेवायला जागा. माझा फोन अँड्रॉइड, नवऱ्याचा आयफोन, घरात एक विंडोजचा लॅपटॉप. थोडे पैसे भरायची तयारी आहे. मेल आणि फाइली एकाच कंपनीकडे ठेवाव्यात का? तांत्रिक भाषा जरा बेतानेच वापरा.

बिनपगारी
जीमेल घ्या. १५ जीबी फुकट. धागा संपला. :)

चौकस
धागा इतक्यात संपत नाही हो. ते १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत. १ जून २०२१ च्या आधी ठरावीक दर्जाचे फोटो मोजले जात नसत, आता सगळे मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही २०२४ पासून यातच धरतात. टाकबोरूंचे ४० जीबी त्यात बसायचेच नाहीत.

आणि जागा भरली की नवे फोटो चढायचे थांबतात, एवढ्यावर भागत नाही. नवी मेल येणंही बंद होतं. पाठवणाऱ्याला पत्र परत जातं, तुम्हाला कळतही नाही. म्हणजे सहलीचे व्हिडिओ चढले म्हणून बँकेचं पत्र अडणार. लोक 'किती जीबी फुकट' हे बघतात, खरं तर ते जीबी कशाकशात वाटले जातात ते बघायला हवं.

इतरांकडचा फुकटचा हिशोब: मायक्रोसॉफ्टची मेलपेटी १५ जीबीची आणि वनड्राइव्ह वेगळं ५ जीबी. ऐकायला छान, पण २०२३ पासून मेलमधल्या अटॅचमेंटही त्या ५ जीबीत धरतात, आणि ते भरलं तर मेल अडते. ॲपलच्या आयक्लाउडला सगळं मिळून ५ जीबी, तिथेही जागा भरली की आयक्लाउडची मेल ठप्प. ड्रॉपबॉक्स २ जीबी देतं पण त्यांच्याकडे मेल नाही, आणि इथे तो मला गुणच वाटतो.

माझा सल्ला: मेल एका खात्यात, जड फोटो दुसऱ्या खात्यात. कंपनी एकच असली तरी चालेल, खाती दोन हवीत.

पाऊलवाट
चौकस यांच्याशी असहमत. घरात तांत्रिक माणूस नसताना दोन खाती म्हणजे दोन पासवर्ड, दोन ठिकाणचे इशारे, आणि 'तो फोटो कुठल्या खात्यात होता' ही रोजची शोधाशोध. ताई पैसे भरायला तयार आहेत ना? मग एकाच खात्यावर १०० जीबीची योजना घ्या. ४० जीबी आरामात बसतील आणि मेलही अडणार नाही.

चौकस
भरणा चालू आहे तोवर बरोबर. कार्डाची मुदत संपली, नूतनीकरण हुकलं की तुम्ही परत १५ जीबीवर येता आणि सामान ४० जीबीचं. त्या क्षणी काही पुसलं जात नाही, गूगलच्या नियमात मर्यादेच्या वर दोन वर्षं राहिलात तर पुसण्याची वेळ येते. पण मेल लगेच अडू शकते. तेव्हा पैसे फोटोंच्या खात्यावर भरा आणि मेलचं खातं हलकं ठेवा. नुसती मेल १५ जीबी भरायला सामान्य माणसाला फार वर्षं लागतात.

बाकी शोधाशोधीचा मुद्दा मान्य.

उंबरठा
कंपनी कुठली यावर इथे दहा मतं येतील, त्यात फार अडकू नका. मोठ्या तिघांपैकी (गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल) कोणतीही चालेल. खरं काम खातं काढायच्या दिवशी आणि ऑफिस सोडायच्या आधीच्या आठवड्यांत आहे. क्रमाने सांगतो.

पत्त्याचं नाव. जन्मवर्ष, कंपनी, गाव, टोपणनाव घालू नका. फोनवर सांगताना समोरच्याला एका दमात लिहिता आलं पाहिजे. आडनावात 'क्ष' किंवा 'ज्ञ' असेल तर रोमनमध्ये तीन-चार स्पेलिंगं होतात, त्यातलं ओळखपत्रावर असलेलंच घ्या. जीमेलमध्ये नावातले टिंब मोजत नाहीत. टिंबासह आणि टिंबाविना पत्ता एकच असतो, त्यामुळे टिंब घालून 'वेगळं' नाव मिळत नाही.

खातं परत मिळवण्याची सोय. पासवर्ड विसरलात तर कंपनी पर्यायी ईमेल आणि फोन नंबर विचारते. तिथे ऑफिसचा ईमेल टाकू नका! हसू नका, नोकरीत असताना तोच पत्ता हाताशी असतो म्हणून लोक हमखास तोच देतात. फोन ऑफिसने दिलेल्या सिमवर असेल तर तो नंबरही नको, नोकरीबरोबर तोही जातो.

दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागणं) लगेच चालू करा. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड देतं आणि त्याला नेटवर्क लागत नाही. पासकी (पासवर्डऐवजी फोनचं बोटाच्या ठशाचं किंवा पिनचं कुलूप वापरून आत जाणं) जमत असेल तर आणखी बरं, खोट्या साइटवर ती चालतच नाही. गूगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून घराच्या कागदपत्रांत ठेवा. त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये ठेवलेत तर कुलपाची किल्ली पेटीच्या आत राहिली.

आता ऑफिसमधून निघण्याचं. पत्ता बदलायच्या जागा आठवून यादी करायला बसलात तर निम्म्या सुटतील. ऑफिसच्या मेलपेटीत 'पासवर्ड', 'स्टेटमेंट', 'पावती', 'स्वागत' असे शब्द शोधा, यादी आपोआप तयार होते. बँक, विमा, कर, भविष्य निर्वाह निधी आधी. खरेदीच्या साइटी शेवटी. बऱ्याच ठिकाणी 'संपर्काचा ईमेल' आणि 'लॉगिनचा ईमेल' वेगळे असतात. पहिला बदलून लोक निर्धास्त होतात, आणि पासवर्ड विसरल्यावर दुवा जातो बंद पडलेल्या पत्त्यावर. दोन्ही बदलल्याची खात्री करा.

आणखी एक खड्डा. ज्या साइटींवर 'गूगलने साइन इन' किंवा 'मायक्रोसॉफ्टने साइन इन' असं ऑफिसच्या खात्याने केलंय, तिथे तुमचा स्वतःचा पासवर्डच नसतो. ते खातं बंद झालं की त्या साइटींचं दार बंद. आता आत जाता येतंय तोवर तिथे नवा ईमेल आणि पासवर्ड घालून घ्या.

ऑफिसची मेल सरसकट नव्या खात्यावर फॉरवर्ड करू नका. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही. तुमच्या खाजगी गोष्टी, पगाराच्या पावत्या वगैरे रीतसर विचारून घ्या.

बिनपगारी
माझ्या एका ओळीला एवढं मोठं उत्तर! 'साइन इन'वाला मुद्दा माहीत नव्हता, आजच बघतो.

टाकबोरू
उंबरठा, फारच उपयोगी. पर्यायी ईमेल म्हणून मी ऑफिसचाच पत्ता देणार होते. :D

दोन शंका. कॉलेजचं जुनं खातं पर्यायी ईमेल म्हणून चालेल का? आणि लॅपटॉपवर वनड्राइव्ह आपोआप चालू आहे, म्हणजे माझ्या कागदपत्रांचा बॅकअप होतोय असं समजायचं ना?

नीलपंख
पहिल्याचं उत्तर: चालेल, पण जिवंत ठेवा. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसू शकतात, डिसेंबर २०२३ पासून तसं सुरूही झालंय. आत्ता उघडतंय का ते बघा, पासवर्ड बदला, मग अधूनमधून एखादी मेल वाचा, बास. लाजिरवाणं नाव फक्त तुम्हालाच दिसणार आहे. नसेलच उघडत तर नवऱ्याचा ईमेल पर्यायी द्या.

दुसऱ्याचं उत्तर: नाही, असं समजू नका. वनड्राइव्ह, ड्राइव्ह, आयक्लाउड मुळात सिंक करतात. इकडे जे होतं ते तिकडे होतं, आणि त्यात पुसणंही आलं. लॅपटॉपवर फोल्डर उडवलंत तर क्लाउडवरून आणि फोनवरूनही उडतं. कचरापेटीत काही दिवस राहतं: गूगल ड्राइव्हला ३० दिवस, वैयक्तिक वनड्राइव्हलाही ३०, गूगल फोटोंत बॅकअप झालेल्या फोटोला ६०. त्यानंतर गेलं ते गेलं. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइलीही इमानेइतबारे वर चढतात. जुन्या आवृत्त्यांतून कधीकधी सुटका होते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

'जागा मोकळी करा' आणि 'पुसा' या दोन बटणांत बरेच जण फसतात. गूगल फोटोंमधलं पहिलं बटण बॅकअप झालेल्या प्रती फक्त फोनवरून काढतं, क्लाउडमधली प्रत राहते. फोटो निवडून साधं पुसलंत तर दोन्हीकडून जातो. आयफोनवर आयक्लाउड फोटो चालू असतील तर तिथेही पुसणं म्हणजे सगळीकडून पुसणं. नवऱ्याला हे जरूर सांगा.

विंडोजचं आणखी एक: डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं बरेचदा परस्पर वनड्राइव्हमध्ये हलवलेली असतात. तुमचे ५ जीबी कधी भरले ते कळायचं नाही. फाइलीशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, नेट असताना उतरते. प्रवासाला निघण्याआधी हवी असलेली फाइल 'या उपकरणावर नेहमी ठेवा' करून घ्या.

खरा बॅकअप हवा तर एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, अधूनमधून कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर उपयोग निम्मा. जाणकार ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे तुमचं क्लाउड.

सांजसावली
गोपनीयतेचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. प्रोटॉन मेल (स्वित्झर्लंडची) आणि टुटा (जर्मनीची) तुमची पेटी अशी कुलूपबंद ठेवतात की साठवलेली पत्रं त्यांनाही वाचता येत नाहीत. किंमत अशी: प्रोटॉनवर पासवर्ड विसरलात आणि रिकव्हरी फ्रेज (पेटी परत उघडून देणारे ठरावीक शब्द) वगैरे जपून ठेवलेलं नसेल तर खातं परत मिळतं, पण जुनी पत्रं उघडत नाहीत. फुकटच्या खात्यातली मेल थंडरबर्डसारख्या दुसऱ्या प्रोग्रॅममधूनही वाचता येत नाही. टाकबोरूंच्या गरजेला मला हे जरा जास्त वाटतं.

मधला मार्ग आहे. ओळखपत्रं, करारनामे अशा मोजक्या फाइली क्रिप्टोमेटर या प्रोग्रॅमने कुलूपबंद करून नेहमीच्या क्लाउडवर चढवा. कंपनीला नुसता गोंधळ दिसतो. पासवर्ड मात्र हरवायचा नाही, तिथे 'विसरलात का?' विचारणारं कुणी नाही.

पाऊलवाट
स्वतःचं डोमेन (पत्त्यातलं @ च्या पुढचं नाव) घेतलं तर कंपनी कितीही वेळा बदला, पत्ता तोच राहतो. वीस वर्षांची गोष्ट चालली आहे म्हणून सुचवलं.

उंबरठा
पाऊलवाट, कल्पना चांगली, पण डोमेन दरवर्षी भरत राहावं लागतं. चुकलं आणि दुसऱ्याने ते घेतलं तर तुमची मेल त्याच्याकडे जाऊ लागते, पासवर्ड बदलायच्या दुव्यांसकट. शिस्त असेल तरच.

टाकबोरू
ठरवलं. नवीन जीमेल फक्त मेल आणि कागदपत्रांसाठी. फोटोंसाठी दुसरं गूगल खातं, त्यावर १०० जीबी. पाऊलवाट, तुमचा शोधाशोधीचा मुद्दा लक्षात आहे, म्हणून कंपनी एकच ठेवली. फोटोंचं खातं नवऱ्याच्या फोनवरही टाकते, पासवर्ड एकच ठेवू दोघांत.

चौकस
निर्णय उत्तम, पासवर्ड वाटण्याचं सोडून. त्यांना त्यांच्याच खात्यात राहू द्या. गूगलच्या सशुल्क योजनेत कुटुंबातले आणखी पाच जण जोडता येतात. जागा वाटली जाते, पण एकमेकांची मेल नि फाइली दिसत नाहीत. दोघांनी बघायचे फोटो शेअर केलेल्या अल्बममध्ये टाका.

कागदपत्रं कुणाला पाठवाल तेव्हा 'दुवा असलेल्या कुणालाही' हा पर्याय टाळा, त्या माणसाचा ईमेल घालूनच परवानगी द्या. दुवा पुढे ढकलला जातो आणि आपण विसरून गेलेलो असतो.

आणि सेटिंगमध्ये इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे तो भरा. तुम्ही ठरवलेले महिने, म्हणजे ३ ते १८, खातं वापरलं गेलं नाही तर निवडलेल्या माणसाला कळवून डेटा मिळू देतो. नवऱ्याच्या ॲपल खात्यात मृत्यूनंतर असंच काम लेगसी कॉन्टॅक्ट करतं. विषय बोलायला नकोसा असतो, पण भरायला पाच मिनिटं लागतात.

टाकबोरू
हे दोन्ही करते. शेवटचं: कॉलेजच्या खात्यात ताईची जुनी पत्रं आहेत, ती नव्या खात्यात आणता येतील का?

नीलपंख
येतील. लॅपटॉपवर थंडरबर्ड टाका, फुकट आहे. दोन्ही खाती आयमॅपने (पत्रं सर्व्हरवरच ठेवून दाखवणारी जोडणी) जोडा. पॉप निवडू नका, ते बहुधा पत्रं लॅपटॉपवर उतरवून घेतं आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून काढूनही टाकतं. डावीकडे दोन्ही पेट्या दिसतील. जुन्या पेटीतली पत्रं निवडून नव्या खात्यातल्या फोल्डरमध्ये 'कॉपी' करा, 'मूव्ह' नको. एकदम सगळी घेतलीत तर मधेच अडकतं, वर्षावार थोडी थोडी न्या. नंतर ब्राउझरमधून नवं खातं उघडून चारदोन पत्रं अटॅचमेंटसकट उघडताहेत का ते बघा.