जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायचीय, पण आतला हिशोब जाता कामा नये

हापूसवाला_देवगड
नमस्कार मंडळी. घरी जुना लॅपटॉप आहे, आय थ्री थर्ड जनरेशन, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क, विंडोज 10. आप्पा सकाळी चालू करून ठेवतात आणि कलमांना पाणी सोडून येतात, तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसतो, आणि दिसला तरी टास्क मॅनेजरात डिस्क 100 टक्के, काय उघडेल तर शप्पथ. आता प्रॉब्लेम असा की बागेचा सगळा हिशोब त्याच्यातच आहे, किती पेट्या वाशीला गेल्या, दलालाची पट्टी काय आली, गड्यांची मजुरी, फवारणीचा खर्च. सॉफ्टवेअर इतकं जुनं की बनवून देणाऱ्याने तो धंदाच सोडला, सेटअपची सीडी पण सापडत नाय. इथल्या एका दुकानात विचारलं तर म्हणाला एसएसडी टाकली की फॉरमॅट आलाच, डेटा जाणार, त्यापेक्षा नवीन घ्या. खरंच असं असतं का? आणि 240 घेऊ की 480? क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं तर पिवळं कॉशन दाखवतंय, सी5 च्या ओळीत शेवटी 16 आहे, बाकी सगळे शून्यच. सीझनच्या आधी उरकायचंय.

खाडीकाठचा
फॉरमॅट वगैरे काय नाय हो, क्लोन करता येतं, जसंच्या तसं सगळं येतं. एसएसडी डोळे झाकून टाका. फिरती डिस्क सेकंदाला साधारण शंभरेक वेगवेगळ्या ठिकाणचं वाचू शकते, एसएसडी हजारो ठिकाणचं, आणि विंडोज चालू होताना नेमकं हेच लागतं, इथलं थोडं तिथलं थोडं. 2.5 इंची साटा एसएसडी घ्या (हार्ड डिस्कच्याच जागी बसते ती), एमडॉटटू (छोट्या पट्टीसारखी) नको, थर्ड जनरेशनच्या लॅपटॉपात ती बहुतेक बसणारच नाही. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा असेल तर डीडीआर3 ची 4 जीबी टाका हातासरशी.

रत्नांग्री_रिपेर
थांबा थांबा, वरचं सगळं बरोबर आहे पण ते पिवळं कॉशन कोणी वाचलं नाही वाटतं. सी5 म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर, ज्या सेक्टरवर (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यावर) डिस्क अडखळतेय आणि त्यांचं काय करायचं ते अजून तिने ठरवलेलं नाही. आणि तो आकडा 16 नाहीये. क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजून दाखवतं, हेक्समधले 16 म्हणजे आपले 22. फंक्शन मेनूत अॅडव्हान्स फीचर, तिथे रॉ व्हॅल्यूज, 10 डेक करा, म्हणजे साधा आकडा दिसेल. 22 म्हणजे डिस्क आज मेली असं नाही, पण तुमचा लॅपटॉप स्लो आहे त्यात याचाही हात असणार, एकेका खराब सेक्टरवर डिस्क परत परत प्रयत्न करत बसते आणि तोवर बाकी सगळं खोळंबतं.
म्हणून आज दुसरं काही करू नका, हिशोबाचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपचं बटण असेल तर तोही वेगळा घ्या. आणि कोणी सांगेल चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) मारा, तर या डिस्कवर मुळीच मारू नका, मरणाऱ्या डिस्कला तासन्तास पळवायचं म्हणजे उरलंसुरलं पण घालवायचं. डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र करणं) तर नकोच नको.

मालवणचो_झील
अरे मेल्या, आधी बॅकअप घे, मगे एसएसडी नायतर काय ता टाक. दोन पेनड्राइव्हार घे. एक घरात, एक दुसऱ्याकडे.

घाटावरून
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि 11 ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतो, म्हणजे या मशीनवर ते रीतसर येणार नाही. कशाला खर्च करता? सेकंड हँड पण बरा मिळेल.

रत्नांग्री_रिपेर
@घाटावरून मुद्दा चुकीचा नाही, पण त्यांचं ते सॉफ्टवेअर नव्या मशीनवर टाकायचं कसं, सेटअपच नाही. हिशोबापुरता ठेवा, बँकेचे व्यवहार त्याच्यावर करू नका, एवढं पाळलं तर अजून काही सीझन निघतील. आणि उद्या नवीन घेतलाच तर तीच साटा एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून वापरता येते, पैसे काय पाण्यात जात नाहीत.

हापूसवाला_देवगड
फोल्डर दोन पेनड्राइव्हवर घेतलं, एक मावशीकडे दिलाय. सगळ्या फायली उघडतायत. आता कणकवलीत 480 ची एसएसडी आहे असं कळलं, घेऊ ना? आणि क्लोन करताना लाईट गेली तर? लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलीय, वायर काढली की बंद. आमच्याकडे वारा सुटला तरी लाईट जाते.

रत्नांग्री_रिपेर
480 घेऊ नका!! 500 ची डिस्क म्हणजे 500 जीबी, 480 ची एसएसडी त्याहून 20 जीबी लहान, डिस्क टू डिस्क क्लोन करताना क्लोनझिला (क्लोन करायचं सॉफ्टवेअर) तिथेच अडतं, मग आधी पार्टिशन लहान करत बसा, आणि तेही या खराब डिस्कवर, कशाला. 500 ची घ्या. सॅमसंगची 870 इव्हो 500 जीबी मिळाली तर उत्तम, 300 टीबीडब्ल्यू (एकूण 300 टीबी लिहिण्यापर्यंत) आणि 5 वर्षं वॉरंटी आहे, म्हणजे रोज 50 जीबी लिहिलंत तरी सोळा वर्षं, आणि आप्पांच्या हिशोबाला रोज 1 जीबी पण लागणार नाही.
खराब सेक्टर असताना विंडोजवाली क्लोनिंगची सॉफ्टवेअरं मधेच एरर देऊन बसतात. त्यापेक्षा डीडीरेस्क्यू वापरा, ते खराब डिस्कवरून जमेल तेवढं उचलतं. सिस्टमरेस्क्यूचा (पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स, डीडीरेस्क्यू तिच्यातच असतं) बूटेबल पेनड्राइव्ह करा, एसएसडी यूएसबी टू साटा केबलने लावा (निळा पोर्ट असेल तर त्यात, तो यूएसबी 3), आणि मॅपफाइल तिसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, रॅममध्ये नको. ही मॅपफाइलच तुमच्या लाईटवरचा उपाय आहे, कुठपर्यंत वाचून झालं आणि काय राहिलं ते त्यात लिहिलेलं असतं, लाईट गेली, परत आली, तीच कमांड परत दिली की पुढून चालू. तरी इन्व्हर्टरवर लावा. पहिल्या फेरीला चांगला भाग भरभर उचलायचा, अवघड सेक्टर नंतर. सोर्स कुठला आणि टार्गेट कुठला ते आकारावरून ओळखू नका, दोन्ही 500 आहेत, मॉडेलचं नाव बघा. उलटं झालं तर कोरी एसएसडी जुन्या डिस्कवर कॉपी होईल आणि मग पेनड्राइव्ह हाच आधार.
झालं की लॅपटॉप बंद, जुनी बाहेर, नवी आत, आणि मगच विंडोज चालू करा. दोन्ही डिस्क एकदम लावून विंडोज चालू केलं तर दोघींची सही (डिस्कचा ओळख क्रमांक) एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करतं. चेकडिस्क आता मारा, नव्या डिस्कवर.

वेंगुर्ल्याक_ये
उघडताना स्क्रूकडे बघा. आपल्या खाऱ्या हवेत खालचे स्क्रू गंजतात आणि जोर लावला की वरची खाच गुळगुळीत होते, मग पंचाईत. काडीने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा, स्क्रूड्रायव्हर बरोब्बर मापाचा घ्या. जुनी डिस्क काढलीत की तिच्यावर एक बारीक भोक दिसेल, बाजूला लिहिलेलं असतं हे झाकू नका, त्यातून फिल्टरमधून हवा आतबाहेर होते, समुद्राकाठी तीच हवा. एसएसडीला ते भोकच नसतं, पण पिना सगळ्यांच्या सारख्याच, लॅपटॉपमधल्या कनेक्टरवर हिरवट दिसलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

हापूसवाला_देवगड
500 चीच मागवली. जुनी डिस्क नंतर बाहेरून फोटो ठेवायला वापरू का?

रत्नांग्री_रिपेर
नाही. एक सीझन पट्ट्या नीट जुळेपर्यंत तशीच प्लास्टिकात ठेवा, मग भंगारात द्यायच्या आधी तिच्यातला डेटा पुसून टाका. आणि एसएसडी 7 एमएम जाडीची असते, तुमची डिस्क 9.5 ची असेल तर आत हलेल, खोक्यात प्लास्टिकची पातळ फ्रेम आलीय का बघून घ्या, कधी कधी देतच नाहीत.