एम.ए. इंग्रजीच्या लघुप्रबंधासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला असून, अरुण कोलटकरांच्या इंग्रजी आणि मराठी कवितांची तुलना हा लघुप्रबंधाचा विषय घेतला आहे. १९७७ साली राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळालेल्या 'जेजुरी' या इंग्रजी कवितासंग्रहावर इंग्रजीत भरपूर समीक्षा सापडते. माझी अडचण आहे ती 'भिजकी वही' या मराठी कवितासंग्रहाची, कारण तिच्यातील ओळींचे भाषांतर मलाच करावे लागत आहे आणि नुसत्या 'भिजकी' या शब्दाला 'वेट' म्हणावे की 'ड्रेंच्ड', यातच दोन पाने खोडून झाली आहेत. (ही वही अश्रूंनी भिजलेली आहे, आणि दोन्ही इंग्रजी शब्दांत ते अश्रू हरवतात, असे माझे मत.) अशा प्रबंधात मूळ ओळी देवनागरीत ठेवून खाली भाषांतर द्यावे, की मूळ ओळी परिशिष्टात न्याव्यात? ज्यांनी द्विभाषिक कवींवर काम केले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.